लेकराच्या काविळीला निळी ट्यूब

माझं पहिलं लेकरू सरकारी दवाखान्यात झालं. पिवळं होतं म्हणून डोळ्याला पट्टी बांधून त्याला निळ्या लाइटखाली ठिवलं. मग कावीळ उतरली म्हनले अन् सोडलं. निघताना सिस्टर म्हनली, पुन्हा पिवळं दिसलं तर लगेच घेऊन या.

मी मायकडं आले, मानवतजवळच्या खेड्यात. एका सकाळी न्हाऊ घालताना बघितलं तर पोट पिवळं, डोळे पिवळे. मी मायला हाक मारली. माय म्हनली, "उजेडच द्यायचाय ना? घरीच देऊ. दवाखान्यात तरी काय, ट्यूबच हायेत. बाराव्याच्या आत बाळंतिणीनं उंबरा वलांडायचा नसतो, वारं लागतंय."

मधल्या खोलीतली ट्यूब तशीबी गेलेली. दोन्ही टोकं काळी, लावली की निस्ती फडफडायची. दादा म्हनला, "नवी आनायचीच हाय, निळीच आनतो," अन् गाडी काढून मानवतला गेला. मलाबी ते पटलं. आठवीत शाळा सुटली माझी, मला काय कळायलंय.

दुकानातून दादाचा फोन आला. "हे दुकानवाले मामा काय इचारायलेत, तूच बोल."

"बाई, दोन फुटी का चार फुटी? ट्यूब बसवायची पट्टी चोकवाली हाय का?"

"चार फुटी, चोकवाली. निळी द्या."

"निळी? घरात मंडप टाकायलाव का काय?"

"मामा, लेकराला कावीळ हाय. उजेड द्यायचाय."

मामाचं हसू थांबलं. "न्हाई माय, तसं न्हाई ते. ट्यूबच्या दोन्ही टोकाला तार असती, ती तापती. आत पाऱ्याची वाफ असती. तिच्यातून करंट गेला की डोळ्याला न दिसणारा उजेड निघतो. काचंला आतून पावडर लावल्याली असती, ती त्याचा दिसणारा उजेड करती. जशी पावडर तसा उजेड. दवाखान्यातला लाइट कावीळ उतरवायच्याच कामाचा असतो. माझ्याकडली निळी शोभेची. माझ्या नातीला दवाखान्यात त्या लाइटखाली ठिवलं व्हतं तवा सिस्टरनं सांगितलेलं, निळ्यात लेकरू पिवळं का पांढरं ते दिसतच न्हाई. तुमी म्हनताल उतरली, अन् ती वाढत जाईल."

 तिकडं दादा इचारायलता, "मग घराला कोनती नेऊ?"

"घराला एलईडी न्या. पर जुनी पट्टी हाय, वायरमनकडून चोक अन् स्टार्टर काढून घ्या, मग लावा. ते नंतर. आधी लेकरू उचला."

मी कानाला रुमाल बांधला, लेकरू गुंडाळलं, शेजारच्यांची रिक्षा बोलावली. माय दारात आडवी.

"बारावं झालं न्हाई अजून! लोकं काय म्हनतील?"

"बाराव्याला लेकरू पायजे ना, माय?"

 मायनं पायात चप्पल सरकवली अन् माझ्या आधी रिक्षात जाऊन बसली.

दवाखान्यात टाचंतून रक्त काढलं. डॉक्टरीणबाई म्हनल्या, "वाढलीय. आज आनलं ते बरं केलं." पुन्हा पट्टी, पुन्हा लाइट. मी काचंला नाक लावून हुबी. बघितलं तर खरंच, पिवळं कायीच दिसंना.

सिस्टरनं पाजायला मांडीवर दिलं. झोपाळलेलं, थानच धरंना. मी तळपायाला टिचकी मारली, गाल चोळला, पुन्हा टिचकी. माय शेजारी बसून निस्ती बघायली.

मग धरलं.