गळ्यातलं बटण

चहा ओतून घ्यायची आणि प्यायला विसरायची. बोलता बोलता पेनाचं टोपण चावायची. चप्पल नेहमी उलटसुलट काढायची. कुणी "समजलं" म्हटलं की लगेच विचारायची, "काय समजलं, सांग बघू."

प्राणी शिकतात कसे, यावर तिचं संशोधन. प्रयोग उंदरांवर, म्हणून आम्ही तिला उंदीरताई म्हणायचो. मी साहित्याचा पदवीधर. प्रयोगशाळेतल्या अहवालांची भाषा नीट करायला लागलो आणि तिच्याशी मैत्री झाली.

घरी ती आणि वडील. त्यांचा तोल जायचा. म्हणून तिने त्यांच्या गळ्यात एक बटण अडकवलं. पडलात की दाबायचं, तिचा फोन वाजायचा.

बाबा कशालाही दाबू लागले. चष्मा सापडत नाही. रिमोट चालत नाही. "सहज गं, करमेना." दर वेळी ती हातातलं काम टाकून घरी पळायची.

"दाबलं की मी जाते," एकदा ती धापा टाकत म्हणाली. "म्हणजे बक्षीस मीच. ही सवय मीच लावतेय त्यांना."

"मग?"

"मग बक्षीस बंद."

त्यानंतर कारण फुटकळ निघालं की ती अवाक्षर न बोलता परत फिरायची. कधी धुसफुसायचीही. हळूहळू फोन वाजेनासा झाला. "जमलं!" म्हणाली. मीही टाळी दिली.

मग बाबा बाथरूममध्ये पडले. ती संध्याकाळी घरी पोचली तेव्हा ओल्या फरशीवर कुडकुडत होते. खुब्याचं हाड मोडलेलं. बटण गळ्यातच.

"दाबलं का नाही, बाबा?"

"म्हटलं, उगाच तुझा खोळंबा. परत तोंड फुगवशील."

हे तिने मला कॅन्टीनमध्ये सांगितलं. "उंदराला दोन घंट्यांच्या आवाजांतला फरक शिकवायला मी महिनोन् महिने घालवते रे. चष्मा हरवणं वेगळं आणि पडणं वेगळं, हे बापाला एकदाही शिकवलं नाही."

बाबा दवाखान्यातून आल्यावर तिने सराव घ्यायचं ठरवलं. मी तिथेच होतो. त्यांनी दाबायचं, तिने आतल्या खोलीतून यायचं, जवळ बसून गप्पा मारायच्या. मग पुन्हा तेच, सवय परत लागेपर्यंत.

त्यांनी दाबलं. ती धावत आली. पण गप्पा काही सुरू होईनात.

"आता परत, बाबा."

"पुरे गं. आज येशील. तुझं काम सुरू झालं की?"

"तेव्हाही येईन."

त्यांनी बटण काढून उशीखाली सारलं आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या सरावाची दुसरी खेप अजून झालेली नाही.