गिरीजचा बिनसाखरेचा चहा

डॉक्टरांनी बाबांना तीन महिन्यांची मुदत दिली होती. तोवर साखर उतरली नाही, तर इन्सुलिनची सुई. बाबा सुईला घाबरतात, पण कुणाच्या घरी चहाला नाही म्हणायला त्याहून जास्त घाबरतात. त्यांच्या मते घरचा चहा तेवढा मोजायचा, बाहेरचा म्हणजे मान! अशा माणसाला घेऊन मी मार्चमधल्या एका शनिवारी कल्याणहून गाडीने वसईला निघाले. कारखान्यातले त्यांचे जुने सोबती बस्त्यावकाका गिरीजला राहतात, त्यांना भेटायचं होतं.

भिवंडी-कामण रस्त्याने जाणार असाल तर सकाळी सातच्या आत निघा. नंतर गोदामांचे कंटेनर सुरू होतात आणि खड्डे चुकवायलाही जागा उरत नाही. कामणला टपरीवर थांबलो. मी पाणी प्यायले, बाबांनी दोन कटिंग मारले. "प्रवासात चालतं गं," म्हणाले. मी पुढे अर्धा तास त्यांच्याशी बोलले नाही.

गिरीजला पोचल्यावर मात्र राग टिकेना. दोन्ही बाजूंना केळीच्या वाड्या, पाटातून खळखळणारं पाणी, आणि हवेतला गारवा असा की मी गाडीचा एसी बंद करून काचा खाली केल्या. काकांनी आम्हाला सगळी वाडी फिरवली. मग काकूंनी गवती चहा घातलेला कोरा चहा आणला. बाबांनी एक घोट घेतला आणि साखरेच्या डब्याची वाट बघत बसले.

डबा काही आला नाही. काकू म्हणाल्या, ईस्टरपर्यंत उपवासकाळ आहे, दरवर्षी घरातलं प्रत्येक जण काहीतरी सोडतं, यंदा सगळ्यांनी मिळून साखर सोडली. काकांनाही मधुमेह आहे, हे आम्हाला तेव्हा कळलं.

"डॉक्टरने सांगितलं तेव्हा मी चोरून पीत होतो," काका हसत म्हणाले. "देवाला शब्द दिला, आता चोरायचं कुणापासून?"

बाबांनी कप खाली ठेवला. मग हळूच विचारलं, "किती दिवस राहिले?"

"बावीस."

"मी हा उपवास धरला तर चालेल? मी तुमच्यातला नाही."

"इतकी वर्षं एका टपरीवर चहा प्यायलो," काका म्हणाले. "आता एकत्र सोडू."

जेवायला तांदळाची भाकरी आणि वांगी घातलेले सुके बोंबील होते, आणि मी लाजलज्जा सोडून जेवले. निघताना काकूंनी सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली गोड केळी, माझ्या हातात दिली आणि बाबांना दाखवायचीही नाही असं बजावलं. परतताना कामणच्या टपरीवर मीच गाडी हळू केली. बाबा म्हणाले, चल पुढे.

ते बावीस दिवस दोघे रोज सकाळी फोनवर बोलत कोरा चहा प्यायले. पहिला आठवडा बाबांची चिडचिड सोसवत नव्हती. ईस्टरला काकांनीच सांगितलं, आता सुटका झाली. मी जुन्या सवयीने दोन चमचे साखर घालून चहा केला. बाबांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि कप माझ्याकडे सरकवला.

"इतका गोड पीत होतो मी?"

मुदतीच्या शेवटी साखर बरीच उतरली होती. गोळ्या चालू आहेत, सुई टळली. साखरेचा डबा मी फडताळात वर ठेवलाय, आणि अजून तरी तो कुणी मागितलेला नाही.