ड्यूक आमच्याकडे उतरले होते

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या मराठी मंडळींत एका ड्यूकशी रोजचं बोलणं असलेली बाई एकच होऊन गेली, ती म्हणजे माझ्या मेव्हण्याच्या सासूबाई. आणि ही ओळख करून दिली मी. अर्थात चुकून. त्या मुलीच्या बाळंतपणासाठी सांगलीहून आल्या होत्या. आल्या आल्या मला म्हणाल्या, "तुमचं बाहेर जाणं-येणं असतं, काहीतरी वाचायला आणा. इंग्रजी चालेल, मी हायस्कूलला इंग्रजीच शिकवायचे." आमच्या कोपऱ्यावर एक काचेचं कपाट आहे. लोक नकोशी झालेली पुस्तकं त्यात ठेवतात आणि ज्याला हवं ते तो नेतो. त्यातलं एकुलतं एक इंग्रजी पुस्तक मी उचललं. मुखपृष्ठावर हिरवळ आणि खांबांचा भव्य महाल. मला वाटलं, जुन्या इमारतींची माहिती असणार, शिक्षिकेला शोभेल. बारशाच्या दिवशी भरल्या घरात मी ते दोन्ही हातांनी त्यांना अर्पण केलं. मेव्हण्याने कौतुकाने पान उलटलं, तर आत दुसरं मुखपृष्ठ निघालं. त्यावर सदऱ्याच्या गुंड्या हरवलेला एक उमदा गृहस्थ उभा होता आणि त्याच्या दंडावर एक बाई जवळजवळ आडवी झाली होती. पाळण्याचं गाणं मध्येच थांबलं. बायकोने माझ्याकडे कसं पाहिलं, ते मी इथे लिहीत नाही. सासूबाईंनी चष्मा लावून चित्र शांतपणे न्याहाळलं. "थंडी वाजत असेल बिचाऱ्याला," एवढंच म्हणाल्या आणि पुस्तक पिशवीत टाकलं.

दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातल्या सरदार-उमरावांच्या ज्या प्रेमकथा रीजन्सी म्हणून निघतात, त्यांतली ती एक होती. नायक अर्थातच ड्यूक. देखणा, श्रीमंत आणि सदैव कपाळाला आठी. नायिका मिस ऑगस्टा, गरीब पण ताठ. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी तिचं 'पोरगी' करून टाकलं आणि दोघांना घरात घेतलं. बाळाला तेल लावता लावता त्या ही गोष्ट मराठीतून सांगत, आणि बाळ असं डोळे विस्फारून ऐके की जर्मन बालवाडीत त्याचं कसं व्हायचं याची मला काळजी वाटू लागली. त्यांची मतं ठाम होती. "दहा प्रकरणं झाली, एक माणूस पोटभर जेवला नाही. नुसता चहा आणि सुस्कारे!" हातमोजा काढताना ऑगस्टाचं मनगट दिसलं आणि ड्यूकची झोप उडाली, या प्रसंगाला मी हसलो, तेव्हा त्यांनी वर्गात मागच्या बाकाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. "हसण्यासारखं काय आहे त्यात? लग्नानंतर पहिले कित्येक महिने मी ह्यांचे फक्त पाय बघितले होते. घर माणसांनी भरलेलं. मान वर करायची सोय कुठे होती?" त्या काळी म्हणे नायक-नायिकेला एकटं सोडत नसत, कोपऱ्यात एखादी आत्या विणत बसलेली असे. "आमच्याकडे आत्याबाई लसूण सोलत बसायच्या," सासूबाई म्हणाल्या. "बाकी सगळं सेम."

ब्राउनश्वाइगलाही एके काळी ड्यूक होते, हे कुठूनसं कळल्यावर त्यांना महाल बघायचाच होता. एका शनिवारी मी त्यांना घेऊन गेलो. त्यांनी खास ठेवणीतली साडी नेसली, वर माझ्या बायकोचा ओव्हरकोट चढवला. महालाचे खांब, छतावरचा चार घोड्यांचा रथ, सगळं बघून त्या इतक्या गंभीर झाल्या की पायऱ्यांपाशी त्यांनी पदर सारखा केला. पण त्या महालाचं फक्त तोंड महालाचं आहे. आत गेलं की दुकानं. समोरच मोज्यांचा सेल लागला होता. सासूबाई सरकत्या जिन्यापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. "ड्यूक कुठे असतात?" त्यांनी हळूच विचारलं. मी म्हटलं, "आता कोणी नाही." त्या म्हणाल्या, "असू दे. बाहेर बाग छान आहे." मग बागेतल्या बाकावर बसून त्यांनी सांगलीला फोन लावला.

सांगलीला आप्पा होते. सासूबाईंचे यजमान, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. लग्नानंतर दोघं एवढे दिवस वेगळे राहण्याची ही पहिलीच वेळ. मुलीने व्हिसा दोघांचाही काढला होता, पण आप्पांनी सांगून टाकलं, "मुलीच्या घरी मी राहायला येणार नाही. आमच्यात नाही बसत ते." मुलगी रडली, जावयाने हात जोडले, पण आप्पा हलले नाहीत. त्यांचा पासपोर्ट व्हिसासकट सांगलीच्या कपाटात पडून राहिला. सासूबाई या बाबतीत एक शब्द बोलल्या नाहीत. आयुष्यात त्यांनी नवऱ्याकडे स्वतःसाठी काही मागितल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. फक्त रोज दुपारी, इथे जेवणं झाली की तिथे आप्पांच्या चहाच्या वेळेला, त्या व्हिडिओ कॉल लावत आणि कादंबरीचं एक प्रकरण ऐकवत. आप्पा फोन असा धरत की पडद्यावर त्यांचं अर्धं कपाळ आणि पूर्ण पंखा दिसे. फोन स्पीकरवर, कारण दोघंही कानाने अधू. त्यामुळे मेव्हण्याच्या दिवाणखान्यात जो असेल तो ऐके. आत्याबाईंची कसर आम्ही भरून काढत होतो.

आप्पांचे प्रश्न खात्याला धरून असत. "एवढा मोठा महाल म्हणतेस, सांडपाणी कुठे सोडलं होतं?" ऑगस्टा तळ्यात पडली तेव्हा ते म्हणाले, "तळ्याला कठडा नाही म्हणजे काय? ड्यूकचीच चूक आहे." सासूबाई म्हणत, "अहो, तो तिला उचलून आणतो, ते ऐका की." पलीकडे पंखा बराच वेळ फिरत राही. मग आवाज येई, "भिजलेलं लुगडं जड असतं. कंबर धरली असेल त्याची."

यथावकाश पुस्तक संपलं. सासूबाईंनी ते कपाटात परत ठेवण्यासाठी माझ्याकडे दिलं. मी ते ठेवलंही, पण आधी आठवडाभर ट्राममध्ये वर्तमानपत्राच्या आड धरून वाचून काढलं. शेवटी दोघांचं लग्न होतं. मला दोनदा चष्मा पुसावा लागला. हे आमच्या घरी कोणाला माहीत नाही, किंवा नव्हतं.

त्यानंतर घरूनच ऑफिसचं काम असलेल्या एका दुपारी मी रिकामा डबा परत द्यायला मेव्हण्याकडे गेलो. मेव्हणा कामावर, त्याची बायको आत बाळाला झोपवत होती, आणि सासूबाई खिडकीशी फोन धरून बसलेल्या. हातात पुस्तक नव्हतं. ते असायचं कारणच नव्हतं. पण गोष्ट चालू होती.

"ड्यूक आपल्या गावी बसलाय अडून," त्या सांगत होत्या. "म्हणतो, पोरगी ज्या घरी उतरलीय तिथे मी पाऊल ठेवणार नाही. आमच्या घराण्यात ते बसत नाही."

पलीकडे पंखा. मग आप्पा म्हणाले, "बरोबर आहे त्याचं."

"असेल. ती काही म्हणत नाही. ती आपली एकटी बागेत फिरते. झाडं अशी पिवळी झालीत, बघत राहावं. पण पानं गळायला लागलीत. पुढच्या महिन्यात एक राहायचं नाही."

"मग तिने परत यावं."

"येणारच आहे. तेव्हाच तारीख आहे तिची. पण ही बाग काही पिशवीत घालून आणता येत नाही."

डबा हातात घेऊन मी दारातच उभा राहिलो. सासूबाईंनी मला पाहिलं आणि नजर परत फोनकडे वळवली. त्यांचा अंगठा पदराच्या काठावरून पुन्हापुन्हा फिरत होता.

"ड्यूकचे गुडघे दुखतात काय?" आप्पांनी विचारलं.

"बत्तीस वर्षांचा आहे तो."

"तरी पण."

"बाकं आहेत बागेत. जागोजागी. या लोकांना चालण्यापेक्षा बसायची हौस जास्त."

"येण्याचं काही नाही गं," आप्पा म्हणाले. "पण त्याने उतरायचं कुठे? घराण्याची रीत मोडून कसं चालेल?"

सासूबाई इंग्रजीच्या शिक्षिका होत्या, पण पुढचं प्रकरण त्यांना सुचेना. आणि मी, ज्याने जन्मात कधी शाळेच्या निबंधापलीकडे काही रचलं नाही, तो मोठ्याने बोलून गेलो, "आप्पा, पोरीच्या घराजवळच ड्यूकचा एक लांबचा नातेवाईक राहतो. त्याच्याकडे कोणी मुलगी दिलेली नाही. त्याचा मुलगा डार्मश्टाटला शिकायला गेलाय, खोली रिकामी आहे."

"हे कादंबरीत आहे?" आप्पांचा आवाज एकदम इंजिनियरचा झाला.

"आहे."

"त्या नातेवाइकाची बायको कशी आहे?"

"स्वभावाने फार चांगली. चहा तेवढा पातळ करते."

पडद्यावर पंखा हलला, भिंत आली, कॅलेंडर आलं, आणि मग सरळ, पूर्ण असा आप्पांचा चेहरा दिसला. सासूबाईंनी खाली बघितलं. चारच दिवसांत मेव्हण्याचा मला फोन आला, "अरे, आप्पांनी तिकिटाचं विचारलंय! पण म्हणतात, उतरणार तुमच्याकडे. हे काय आहे?" मी म्हटलं, "मला काय माहीत." पातळ चहाचं मात्र आमच्या घरी कळलं होतं. पुढचे काही दिवस मला जो चहा मिळाला त्यात चमचा उभा राहिला असता.

असे ड्यूक आमच्याकडे उतरले. कानटोपी, दोन स्वेटर, मुलाच्या खोलीत जर्मन रॉक बँडच्या पोस्टरखाली घोंगडी पांघरून झोपणं. मेव्हण्याचं घर दोन गल्ल्या सोडून. रोज सकाळी आप्पा अंघोळ, दाढी, पूजा उरकून इस्त्रीचा शर्ट घालत आणि मला विचारत, "ठीक आहे ना?" मी 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणे. एवढं जर्मन त्यांनी लगेच उचललं. मग आमच्या नळाच्या पाण्याची बाटली घेऊन ते निघत. मेव्हण्याच्या इमारतीखाली उभं राहून बेल वाजवत. मुलगी वरून ओरडे, "आप्पा, वर या ना!" ते वर जात, खुर्चीच्या कडेवर बसत, नातवाला मांडीवर घेऊन त्याच्याकडे आणि त्याच्याकडेच बघत. पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं. तोवर आत सासूबाई, ज्या सकाळपासून पडद्याआडून रस्ता बघत असायच्या, त्या उगाचच डबे लावत राहत. मुलगी म्हणे, "आई, अगं आप्पा खोळंबलेत." त्या म्हणत, "खोळंबू दे. ड्यूक आले म्हणून कोणी धावत जातं का?" मग ओव्हरकोट घालून बाहेर येत, जणू आत्ताच कळलं. दोघं जिना उतरत. आप्पा पुढे, त्या मागे, आयुष्यभराच्या सवयीने. पण फाटकाशी आप्पा थांबत, आणि तिथून दोघं बरोबरीने बागेत जात.

एक दिवस मी आप्पांबरोबर मेव्हण्याच्या दारापर्यंत गेलो. न राहवून म्हटलं, "आप्पा, एक विचारू? नातवंड झालं की मुलीच्या घरी राहिलेलं चालतं म्हणतात ना?"

"ठाऊक आहे मला," आप्पा म्हणाले. "आमची आईच सांगायची."

"मग?"

त्यांनी मफलर नीट केला. "आधी आलो नाही तो निव्वळ हट्ट. नंतर ती गोष्ट सांगत राहिली. तिथे एकटा बसून ऐकत होतो मी. एका घरात राहिलो असतो, तर ती पिशवी घेऊन निघाली असती आणि मी मागून कुलूप लावून. दारात येऊन बाईला बोलवायचं, तिची वाट बघायची, हे आमच्या वेळी राहून गेलं हो. आम्ही एकदम संसारालाच लागलो." आणि त्यांनी बेल वाजवली.

त्यांना एकूण दोन आठवडे मिळाले. बाग तोवर अर्धी उघडी झाली होती. एका दुपारी ऑफिसातून लवकर परतताना मला ते दोघं लांबून दिसले. बाकावर, मध्ये पाण्याची बाटली. सासूबाईंनी हातमोजा काढला आणि बाटलीचं झाकण फिरवायला लागल्या. ते उघडेना. आप्पांनी बाटली घेतली, उघडली, परत दिली, आणि हात तिथेच, त्यांच्या हाताजवळ, बाकावर राहू दिला. मी दुसऱ्या रस्त्याने घरी आलो.

शनिवारी मेव्हणा दोघांना विमानतळावर सोडायला गेला. निघताना आप्पा मेव्हण्याच्या घरी अर्धा कप चहा प्यायले म्हणे, आणि मुलगी तो कप धुवायला तयार नव्हती. मी मुलाच्या खोलीत पलंगावरची चादर काढायला गेलो. खोलीला शेव्हिंग क्रीमचा वास होता. चादर तशीच ठेवून बाहेर आलो. घर फार शांत होतं. मुलगा दूर, पाहुणे गेलेले. आम्ही दोघं सोफ्याच्या दोन टोकांना, आपापल्या फोनमध्ये. बाहेर स्वच्छ ऊन होतं.

"बागेत जाऊन यायचं का?" मी म्हटलं.

बायकोने फोन ठेवला, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाली, "आधी तो शर्ट बदल. मग खाली जा, आणि बेल वाजव."