किन्हीराजाच्या फाट्यावरची यादी

वाशिमहून मालेगावची बस सुटली तेव्हा फाईल मी पोटाशी घट्ट धरली होती. मालेगावचं स्टँड आणि पुढचं किन्हीराजा, इथली खाण्यापिण्याची सगळी ठिकाणं संध्याकाळपर्यंत लिहून आणायची होती. हॉटेल, टपरी, हातगाडी, काही सुटता कामा नये. आमची संस्था गावोगावी लोकांच्या खाण्याची आणि पिण्याच्या पाण्याची पाहणी करते. तिची सुरुवात या यादीने होते. नववीत शाळा सोडून कोकणातून इतक्या लांब आलेल्या मला संस्थेच्या प्रमुख माधुरीताईंनी शाळेचे कागद न बघता कामावर ठेवून घेतलं, ते उपकार मी विसरणार नाही. पण "यादी नीट आली तरच पुढचं बोलू," असंही त्याच म्हणाल्या होत्या. वर ताकीद, कुठे घोटभर चहासुद्धा घ्यायचा नाही. फुकट खाल्लं असं उद्या कोणी म्हणायला नको.

खिडकीबाहेर काळी माती आणि शेंगांनी वाकलेली तूर. आपल्याकडे नजर कुठेतरी डोंगराला अडते. इथे ती जातच राहते, आणि मला उगाच धाकधूक होते.

मालेगावला स्टँडसमोर आलूबोंडे तळून निघत होते (आपला बटाटेवडाच, पण रश्श्यात बुडवून खायचा). पहिल्या हॉटेलवाल्याने नाव सांगितलं, माल सांगितला आणि प्लेट पुढे केली.

"घ्या न ताई, गरम हाये."

"नको दादा."

दुसऱ्याने चहा धरला, तिसऱ्याने पाणी. माझी बाटली आहे, म्हणत मी पुढे सरकत राहिले. किती शिस्तीत काम चाललंय, असं वाटत होतं मला.

तक्त्यातला शेवटचा रकाना होता, 'जागा कोणाची'. पोहेवाल्या भाऊंना तो विचारला, तसा तर्रीचा (पोह्यांवरचा लाल, झणझणीत रस्सा) पळा त्यांच्या हातात तसाच थांबला.

"जागा कायले पायजे तुमाले?"

"तक्त्यात आहे म्हणून."

"खात नाही, पीत नाही, अन् जागा इचारून राह्यली! अतिक्रमणवाली हाये हे बाई." मग शेजारच्या भजेवाल्याला ओरडून, "नाव नको सांगजो रे!"

तीन-चार जणांनी खिशातून फोन काढले. मी नाही-नाही म्हणत होते, पण ऐकतं कोण? अर्धवट यादी घेऊन मी किन्हीराजाच्या काळीपिवळीत (सहाच्या जागी बारा बसवणारी जीप) शिरले.

फोन माझ्या आधी पोचले होते. फाट्यावर सगळ्या टपऱ्यांवर ताडपत्र्या ओढलेल्या. एका कढईतलं तेल अजून चुरचुरत होतं, पण तिच्याजवळ कोणी नव्हतं. पलीकडे कडुनिंबाखाली दहा-बारा माणसं मोटरसायकलींना टेकून माझ्याकडे बघत उभी. परतीची गाडी कधी, तेही माहीत नाही.

एकच टपरी उघडी होती. आत बुद्धाची तसबीर, खाली साठीच्या एक मावशी भजी काढत बसलेल्या. त्यांचं नाव सुमनमावशी, हे मला नंतर कळलं. त्यांनी पदराने स्टूल पुसलं, स्टीलचा पेला भरून पुढे केला.

"पाणी घे, पोरी."

"नको मावशी, माझ्याकडे आहे."

त्यांनी पेला हळूच खाली ठेवला.

"साऱ्याइले जागेची धास्ती पडली. मले नाही. मी दुसरं इचारतो. माह्या हातचं नको का तुले? माह्या सासूच्या हातचं लोकं घेत नव्हते, ते म्या डोयानं पायलं हाये."

कानशिलं तापली माझी. घाईघाईने मी ताईंचा नियम सांगू लागले.

"तुह्या ताईले मी नाही दिसत," मावशी म्हणाल्या. "तुले त दिसतो न?"

मी पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. मग भजीही खाल्ली, ओव्याची, कडक. कडुनिंबाखालची माणसं एकेक करून जवळ आली.

"आता सांगा, जागा कायले पायजे?" एकाने विचारलं.

ताईंना फोन लावला. उचलला नाही. खरं ते सांगितलं, "मला ठाऊक नाही. मी विचारलंच नव्हतं."

"बाप्पा! लिहिणारीलेच मालूम नाही!" लोक हसले. मला रडू येत होतं.

पेन घेतलं आणि तो रकाना वरपासून खालपर्यंत त्यांच्यासमोर खोडला. नोकरी गेली, असंच तेव्हा वाटलं. पेन इतकं दाबलं की कागद फाटला.

"लिही आता," मावशी म्हणाल्या. "पयलं माह्यं लिहिजो."

ताडपत्र्या निघाल्या. ज्याची कढई तापत राहिली होती तो तेल जळलं म्हणून मला शिव्या घालतच नाव सांगून गेला.

परतताना मालेगावला उतरले, सकाळच्या प्रत्येकापुढे खोडलेला कागद धरला, राहिलेली नावं लिहिली आणि प्रत्येकाकडे पाणी प्यायले. पोहेवाले भाऊ मात्र बधले नाहीत.

"आता पाणी पिऊन राह्यली म्हणून इश्वास ठेवू काय? माह्यं नाव काढ."

काढलं. ते शेजारी उभं राहून बघत होते. पाणी त्यांनी विचारलं नाही.

ऑफिसात ताई थांबल्या होत्या. "रकाना कोणाला विचारून खोडलास? आणि हे नाव का काढलंस?" सगळं सांगितलं, मावशींच्या सासूबाईंचंही. ताईंनी खोडलेल्या रकान्यावरून बोट फिरवलं.

"जुन्या तक्त्यातून तो तसाच आला होता," त्या म्हणाल्या. "मीही कधी विचारलं नव्हतं." कोरा कागद माझ्याकडे सरकवला. "सोमवारी रिसोडला जायचंय. तक्ता तू आख."

आलेल्याला आधी पाणी द्यावं, हे आपल्याकडे लहानपणीच अंगवळणी पडतं. दिलेलं नाकारलं की समोरच्याला काय-काय आठवू शकतं, ते कळायला मला इतक्या लांब यावं लागलं. पोहेवाल्या भाऊंचा राग मात्र मला घालवता आला नाही, आणि तो बरोबर होता.

मी आखायला बसले. रेघा वाकड्या आल्या. 'जागा कोणाची' एवढा रकाना सोडून बाकी सगळे आखले.