साडेतीनची जाग

सुगंधाबाईची सासू धुरपदाबाई पोळ्यानंतर आठ दिवसांनी गेली. ते अठ्ठ्याऐंशी साल. शेवटची सहा वर्षं म्हातारी बाजेवरच होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पहाटे साडेतीनला तिची कूस बदलून द्यावी लागे. सुगंधाबाईनं ते एक दिवस चुकवलं नाही.

सासू गेली, तरी जाग यायची थांबेना. सुगंधाबाई उठून बसायची, दारापर्यंत जायची, परत येऊन पडायची. दिवसा केळीच्या बागेत डोळे मिटायला लागले. एकदा विळा बोटात शिरला, तेव्हा नवरा, लीलाधर, तिला एसटीनं भुसावळला घेऊन गेला.

"लघवीला उठता का? रात्री चहा? छातीत जळजळ? पाय दुखतात?" डॉक्टर एकेक विचारत गेले. तिची मान आडवीच.

"मनाला काही काळजी?"

"नाही," ती म्हणाली, पण जरा उशिरानं. लीलाधरच्या ते लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिला जाग आली, तर तो आधीच उठून बसलेला.

"तुम्ही झोपा ना."

"तुह्या मनात काय आहे, ते सांग आधी."

ती सरकून त्याच्याजवळ बसली. मग म्हणाली, "आत्याबाई दिवसभर माह्यावर खेकसायच्या. पण कूस बदलली की या वेळेले गोड बोलायच्या. तुमच्या आधी त्यांले एक पोरगी होती. दोन वर्षांची झाली अन् गोवरानं गेली. मले म्हणे, लीलाधरले सांगू नको, उगाच जिवाले लावून घेईल."

लीलाधर पंचेचाळिशीचा. आपण आईचं एकुलतं एक लेकरू, असंच तो आजवर समजत होता.

"नाव काय तिचं?"

"झुंबर. केळं कुस्करून दिलं, की पहिला घास आईले भरवायची म्हणे. मग खायची."

त्यानं टॉवेलात तोंड लपवलं. सुगंधाबाई त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली. बाहेर कोंबडा आरवला, तरी दोघं तिथंच.

त्यानंतर तो रोज पहाटे विचारायचा, "आजून काय सांगे माय?" आणि ती आठवेल ते सांगायची. ज्या आईला त्यानं कधी मोकळं हसताना पाहिलं नव्हतं, ती माहेरी झाडावर चढून चिंचा पाडायची, हे त्याला बायकोकडून कळलं. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, पण इतका वेळ ती दोघं कधी बोलत बसली नव्हती.

त्या हिवाळ्यात सुगंधाबाईला हळूहळू उजाडेपर्यंत झोप लागू लागली. लीलाधरला मात्र जाग यायची. तो तिच्या अंगावर गोधडी ओढायचा आणि गुपचूप पडून राहायचा.

सकाळी ती चिडायची, "हाक काहून नाही मारली?"

"झोपू दिलं," तो म्हणायचा.