मैत्रीतलं शेवटचं नाव

आमची पत्रकं छापणारे अकोल्यातले काका रोज मशीन सुरू करण्याआधी कागदाच्या गठ्ठ्यावर बसून डोळे मिटतात आणि मंगल मैत्री करतात. आधी स्वतःचं, मग घरच्यांचं, शेजाऱ्यांचं भलं चिंततात. शेवटी ज्याची भीती वाटते, त्याचं नाव पुटपुटतात. तिथे कायम, ज्याच्याविरुद्ध आमची पत्रकं असतात, त्या वाळूचोर ठेकेदाराचं नाव असायचं. काल त्याची माणसं प्रेस जाळायची धमकी देऊन गेली, आणि आज शेवटी माझं नाव आलं!

मी भडकलो. "काका, त्या चोराले सोडून मी?"

"त्याले 'नाही' म्हनता येते, बाप्पा. तुले 'नाही' म्हनता येत नाही. म्हून तुयंच भेव वाटून राह्यलं."

त्यांनी माझं पत्रक मशीनला लावलं. 'थांबा' हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही.