हलक्या गाडीतली दुसरी सीट

रोझविटाला त्या संध्याकाळी खरं तर घरीच पडून राहायचं होतं. पण महिन्याचा पहिला गुरुवार म्हणजे ‘हिर्श’ खानावळीतलं खिडकीजवळचं टेबल, आणि तिथे नवरा, एकार्ट, वाईन घेणार म्हणजे येताना गाडी तिने चालवायची, हे त्यांच्या संसारात कधीच ठरून गेलेलं. शिवाय आजचा गुरुवार साधा नव्हता. एकार्टचा नव्या स्पोर्ट्स कारसाठी नंबर लागला होता, तिच्यात काय काय बसवून घ्यायचं ते आज ठरायचं होतं आणि उद्या सकाळी शोरूममध्ये सही. एकदा सही झाली की कारखाना पुन्हा काही बदलू देत नाही.

आत शिरल्यावर एकार्टने बोटांच्या पेरांनी टेबल ठोकलं. आधीच येऊन बसलेल्या फोल्कमार आणि हार्टमुट या मित्रांनीही ठोकलं. या मंडळींचा रामराम असाच. एखादी गोष्ट पटली तरी ठोकायचं. कुणी गाडी घेणार असेल तर त्याने एकेक पर्याय वाचून दाखवायचा. टेबल वाजलं तर तो पक्का. टेबलाने नाकारलेलं आजवर कुणी घेतलं नव्हतं.

“रंग?” फोल्कमारने विचारलं. हा दातांचा डॉक्टर होता, आणि माणसाला खुर्चीत गप्प बसवायची सवय त्याला इथेही सुटत नसे.

“गडद हिरवा.”

ठक ठक ठक.

“गिअर?”

“हाताचे. हे काय विचारणं झालं?”

ठक ठक ठक. शेजारच्या टेबलावरची सूपची वाटीसुद्धा हलली.

मग आलं ते गाडीचं वजन कमी करणारं हलकं पॅकेज. त्यात छप्पर कार्बनचं, काचा पातळ, रेडिओ नाही, दार उघडायला आतून कापडी पट्टा, आणि पुढे दोन बकेट सीट, खोलगट, उंच कडांच्या, ज्यांची पाठ मागेपुढे होत नाही.

“आणि किंमत?” मालकीण उर्झेलने मसूर, श्पेट्झले शेवया आणि सॉसेजची ताटं मांडता मांडता विचारलं.

“साध्या गाडीपेक्षा जास्त,” हार्टमुट म्हणाला.

“म्हणजे रेडिओ काढला, हँडल काढलं, आणि वर पैसे जास्त? उद्यापासून मी ताटातलं सॉसेज काढते आणि भाव वाढवते. तुम्ही टेबल ठोका.”

सगळे हसले. रोझविटाही हसली, पण हसताना कमरेतून कळ गेली तशी तिने खुर्चीची कड धरली.

तीस वर्षं ती डोंगरावरच्या वृद्धाश्रमात कामाला होती. म्हाताऱ्यांना पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर. कुणी अंग सैल सोडायचे, कुणी गळ्याला मिठी मारायचे. निवृत्त होताना आश्रमाने फुलं दिली. मणक्यांच्या दोन चकत्या त्याआधीच कामातून गेल्या होत्या. त्याबद्दल ती फारशी बोलत नसे. सकाळी उठताना मनातल्या मनात म्हणायची, “देवा, आजच्यापुरतं उभं कर,” आणि उभी राहायची.

एकार्ट त्या वर्षांत गिअरचे दात घासायच्या यंत्रावर होता. कारखान्यात आवाज इतका, की घरी आला की त्याला शांतता लागे. जेवताना “मीठ दे” आणि निजताना “दिवा घालव”, एवढाच संवाद. शेजारणी म्हणायच्या, “अगं, तुझा नवरा मुका आहे की काय?” रोझविटा हसून सोडून द्यायची. कारण तिला ठाऊक होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. रविवारी प्रार्थना आटोपून दोघं जुन्या लाल गाडीतून आल्बच्या डोंगरात निघाले, की तो बोलायला लागायचा. वडिलांबद्दल, त्यांच्या माराबद्दल. जन्मून आठवडाभरच जगलेल्या त्यांच्या लेकीबद्दलसुद्धा. नजर रस्त्यावर, हात स्टीअरिंगवर, आणि जीभ मोकळी. ती शेजारी बसून ऐकायची. घरी परतले की दार लावल्यासारखा पुन्हा गप्प.

लाल गाडी या वसंतात विकली होती. घरच्या साध्या गाडीतून फक्त कामापुरतं जाणं होई, आणि तेव्हापासून त्याने तिला काही सांगितलं नव्हतं.

“सीटचं बोल,” फोल्कमार म्हणाला. “साध्या घेतल्यास तर हलकं पॅकेज मिळतच नाही. मग छप्पर गेलं, काचा गेल्या. त्यापेक्षा सरळ आईस्क्रीमवाल्याची गाडी घे.”

एकार्ट घोटाळला. “रोझविटाची कंबर…”

“अरे, रोझविटाला कुठे हौस आहे! इतकी वर्षं बिचारी तुझ्याखातर धक्के खातेय. सुटेल एकदाची. हो की नाही, रोझविटा?”

तिघांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या ओठांवर आलं होतं सगळं. पण या माणसांसमोर सांगायचं काय? की हा माझ्याशी फक्त गाडीत बोलतो? उद्या गावभर होईल. आणि खरं सांगायचं तर तिच्यात वाद घालायचं त्राणच नव्हतं.

“गाडी त्याची आहे,” ती म्हणाली.

ठक ठक, दोघांनी ठोकलं. जरा थांबून एकार्टनेही ठोकलं. तो आवाज तिला लागला.

सकाळी शोरूममध्ये दोन्ही प्रकारच्या सीट ओट्यावर मांडून ठेवल्या होत्या. विक्रेती बाई, कुणी श्रीमती अक्सोय, नम्रपणे म्हणाली, “बाई, तुम्हीही बसून बघा ना.”

रोझविटा बकेट सीटमध्ये उतरली. बसणं कसंबसं जमलं. उठायला गेली तर कडा मांड्यांना अडल्या, कमरेने नकार दिला. श्रीमती अक्सोयने एक हात धरला, एकार्टने दुसरा. म्हाताऱ्यांना ती उचलायची, तसंच. उभी राहिली तेव्हा कपाळावर घाम होता.

“ठीक आहे,” एकार्ट हळूच म्हणाला, “लांबच्या फेरीला मी एकटा जाईन. तू घरी आराम कर.” आणि तो पेन शोधू लागला.

“एकार्ट, तू घरी बोलत नाहीस,” रोझविटा म्हणाली.

“काय?”

“गाडीत बोलतोस. फक्त गाडीत. मी नाही आले तर तू कुणाशी बोलणार, मला माहीत नाही. पण मला कुणी काही सांगणार नाही, एवढं माहीत आहे.”

“मी बोलतो? गाडीत?”

“पोरीबद्दल बोलतोस.”

श्रीमती अक्सोय कॉफी आणायला गेली. ती कॉफी कुणी मागितली नव्हती.

एकार्टने पेन शोधायचं सोडून पर्यायांची यादी पुढे ओढली. श्रीमती अक्सोय परतल्यावर म्हणाला, “साध्या सीट.”

“मग कार्बनचं छप्पर मिळणार नाही, साहेब.”

“हं.”

“पातळ काचाही नाहीत. ब्रेकसुद्धा नेहमीचेच येतील.”

तिने प्रत्येक वस्तूचं नाव घेतलं आणि प्रत्येक वेळी त्याचा चेहरा आणखी उतरला. ज्या गाडीसाठी तरुणपणापासून थांबला, ती त्याच्यासमोर थोडी थोडी कमी होत होती. रोझविटाला वाटलं, आत्ता म्हणावं, राहू दे, घे तुझी हवी तशी. पण ती म्हणाली नाही. त्याने सही केली.

“फोल्कमारला काय सांगशील?” बाहेर आल्यावर तिने विचारलं.

“आईस्क्रीम विकायला काढलंय म्हणून.” हसू काही त्याला आलं नाही.

परतताना घरची साधी गाडी तो चालवत होता. द्राक्षांचे मळे लागले तरी तो गप्प. रोझविटाला जिंकल्यासारखं वाटत नव्हतं. एक जड गोष्ट उचलून ठेवली, आता हात दुखताहेत, एवढंच. मग नजर रस्त्यावरच ठेवून त्याने विचारलं, “कंबर कधीपासून इतकी दुखते गं?”

असं त्याने तिला कधी विचारलं नव्हतं. गाडीत सांगायचं त्याने आणि ऐकायचं तिने.

“सांगते,” डोळे मिटून ती म्हणाली. “सगळं सांगते. पण आधी घरी चल, मला जरा आडवं होऊ दे.”